राखणदाराची जागा

व्यापारी पेठेत गोदाम म्हटले की कुलूप, रखवालदार आणि कुत्रा ओघानेच येतात. कुलूप पारखून घेतले जाते, रखवालदाराच्या पगारावर घासाघीस होते. कुत्र्याविषयी मात्र कोणी फारसा विचार करीत नाही. तो कोठून तरी येतो, दाराशी बांधला जातो आणि म्हातारा होऊन एके दिवशी दिसेनासा होतो. मालाच्या तारणावर कर्ज असेल तर बँकेचा अधिकारी तपासणीस येतो, पोत्यांच्या थप्प्या मोजतो, विम्याची मुदत पाहतो, कुलूप ओढून बघतो, रात्री माणूस असतो का ते विचारतो. कुत्र्यासाठी त्याच्या अर्जात रकाना नसतो. कुत्रा अंगावर आला तेवढीच त्याची नोंद, आणि तीही कागदावर नव्हे.

कामाचा कुत्रा घरात ठेवावा की बाहेर, खुराड्यात ठेवावा, हा वाद कुत्री पाळणाऱ्यांमध्ये जुना आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, गादीवर लोळणारा, पंख्याखाली झोपणारा कुत्रा राखणीच्या उपयोगाचा राहत नाही. त्याला बाहेरच्या हवेची सवय हवी, रात्रीचे आवाज त्याच्या कानावर पडायला हवेत. दार लावलेल्या, दूरदर्शन संच चालू असलेल्या घरात बसलेल्या कुत्र्याला कुंपणापाशी वाजलेले पाऊल कसे कळणार? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, कुत्रा हा कळपात राहणारा प्राणी आहे आणि माणूस हाच आता त्याचा कळप आहे. त्याला एकटे टाकले की तो एक तर भित्रा होतो, नाही तर पिसाट होतो, आणि राखणीस दोन्ही निरुपयोगी. दोन्ही पक्ष हिरिरीने बोलतात. पण बोलताना दोघांच्या डोळ्यांसमोर निरनिराळे कुत्रे असतात, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

धनगराचा कुत्रा घ्या. पावसाळा सरला की मेंढ्यांचे वाडे कोकणाकडे किंवा मोकळ्या रानांकडे निघतात, कुत्री बरोबर असतातच. पिल्लू लहानपणापासून मेंढ्यांच्या वासात वाढते, त्यांच्याच उबेला झोपते. त्याला माणसाच्या घरात वाढवले तर ते माणसामागे धावेल, मेंढ्या राहतील एकीकडे. हिमालयात गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या पहिल्यांदा मानेवर झडप घालतो. अशा कुत्र्याला उंबऱ्याच्या आत बोलावणे म्हणजे त्याचे काम काढून घेणेच. उत्तरेकडील बर्फाळ मुलखात गाडी ओढणारी कुत्री बाहेरच राहतात. त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. नाकावर शेपूट घेऊन ती बर्फात निवांत झोपतात, आणि तापवलेल्या घरात आणली तर धापा टाकतात.

याच्या अगदी उलट अंध व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्रा. तो घरातच राहतो, मालकाच्या खाटेशेजारी झोपतो, त्याच्याबरोबर आगगाडीत बसतो. त्याला अंगणात बांधून सकाळी कामापुरता सोडणारा कोणी असेल, तर त्याने काठी घेतलेली बरी. पोलिसांच्या कुत्र्यांची रीत देशोदेशी वेगळी आहे. इंग्लंडमध्ये असा कुत्रा आपल्या शिपायाच्या घरी राहतो, पुष्कळदा त्याच्या परसातल्या खुराड्यात. आपल्याकडे पोलीस आणि लष्कर यांची श्वानपथके स्वतंत्र असतात, त्यांची खुराडी विटांनी बांधलेली असतात, पण प्रत्येक कुत्र्याचा माणूस ठरलेला असतो. मुंबईत १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ज्या ‘जंजीर’ने ३ हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढले, तो पथकातलाच कुत्रा. सन २००० मध्ये कर्करोगाने तो गेला तेव्हा पोलीस दलाने त्याला मानवंदना दिली. तो घरात वाढला नव्हता, पण एकटाही नव्हता.

म्हणजे घर की खुराडे हा प्रश्न निम्माच झाला. कुत्र्याच्या हवाली जे केले आहे ते रात्री जेथे असते, तेथे त्याची जागा. मेंढ्या रानात तर कुत्रा रानात, आंधळा माणूस घरात तर कुत्रा घरात. गोदामाच्या कुत्र्याची अडचण येथेच सुरू होते. त्याच्या हवाली हळदीची पोती आणि बेदाण्याची खोकी असतात. ती ना त्याच्याशी बोलतात, ना त्याला ऊब देतात.

सांगलीच्या एका जैन व्यापारी कुटुंबात हा प्रश्न गेल्या काही वर्षांत फार गंभीरपणे चर्चिला गेला. हळद आणि बेदाणा हा त्यांचा तीन पिढ्यांचा व्यापार, पेढी गणपती पेठेत. पेढीमागच्या जुन्या गोदामाला मोत्या नावाचा कुत्रा होता. दिवसरात्र साखळीला. साखळी सहा हातांची, टोकाला पत्र्याची पेटी, पेटीत फाटके गोणपाट. दुष्टपणा कोणाच्याच मनात नव्हता. मोत्याच्या आधीचा कुत्रा असाच होता, त्याच्या आधीचाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. पेठेत पाणी शिरू लागले तेव्हा सगळ्यांची धावपळ माल वर चढवण्याची. वह्या गेल्या, तिजोरी रिकामी झाली, वरच्या थरातली पोती ट्रॅक्टरवर लादली गेली. मोत्याची आठवण झाली ती एका हमालाला, पाणी कमरेच्या वर आल्यानंतर. तो मागे फिरला. मोत्या पेटीच्या टपावर मागच्या दोन पायांवर उभा होता, कारण साखळी तेवढीच पुरत होती. कडीचा आकडा गंजून बसला होता. हमालाने पोती फाडण्याच्या सुरीने गळपट्टा कापला आणि कुत्र्याला खांद्यावर टाकून बाहेर आणले. हे त्याने कोणाला सांगितलेही नाही. घरच्यांना चार दिवसांनी दुसऱ्याकडून कळले.

पूर ओसरल्यावर नुकसानीचे पंचनामे झाले, विम्याचे दावे गेले, गोदाम मार्केट यार्डाकडच्या उंच जागेत हलवले गेले. मोत्या नव्या जागेत आणखी दोन वर्षे जगला. त्यानंतर साखळीचा विषय घरात पुन्हा पुन्हा निघू लागला. घरातल्या आजींनी एकदा एवढेच म्हटले की, श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत ‘बंध’ हा एक आहे, आणि आपण तो शब्द इतकी वर्षे ऐकत आलो तो गाईबैलांपुरताच समजून. घरातली मंडळी गप्प झाली. कुत्र्यांसाठी उभे राहण्याची परंपरा तर व्यापाऱ्यांचीच आहे. १८३२ साली मुंबईत सरकारने कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी, जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनी बाजार बंद पाडला होता, आणि १८३४ मध्ये तेथे जो पांजरपोळ उभा राहिला त्यामागे सर जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर मोतीशा शेठ होते. मोकाट कुत्र्यांसाठी दुकाने बंद ठेवणाऱ्यांच्या वारसांच्या गोदामात साखळी सहा हातांची असावी, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

कायदाही याविषयी मुका नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ मध्ये, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानला आहे; सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे हाही. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. १९६० साली पन्नास रुपयांना काही अर्थ असेल. आज गोदामाचे कुलूपही तेवढ्यात येत नाही.

नवे पिल्लू आले ते कारवानी जातीचे. उंच, कमी केसांचे, आपल्या हवेला सोसणारे. नाव राजा. ते आठ आठवड्यांचे होते, आणि धाकट्या सूनबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले की हे गोदामात जाणार नाही, घरी राहील. त्यांचे म्हणणे भावनेचे नव्हते, निदान केवळ भावनेचे नव्हते. त्यांनी पशुवैद्यांना विचारले होते. पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंतचे दिवस महत्त्वाचे. या काळात त्याला माणसे, मुले, वाहने, निरनिराळे आवाज यांची ओळख झाली नाही, तर पुढे प्रत्येक नवी गोष्ट त्याला शत्रू वाटते. मग ते सगळ्यांवरच भुंकते. मोत्याचे तसेच झाले होते. हमालावर भुंकायचा, हुंडेकऱ्याच्या गाडीवर भुंकायचा, मांजरावर भुंकायचा, आणि शेवटी शेवटी त्याचे भुंकणे ऐकून रखवालदार कूससुद्धा बदलत नसे. जी घंटा सारखीच वाजते तिच्या भरवशावर माल कसा सोडावा?

थोरले बंधू अण्णा, पेढीचे कर्ते, यांना हे पटत नव्हते. कुत्रा घरी आणि माल गोदामात, मग कुत्र्याचा उपयोग काय, हा त्यांचा रोकडा प्रश्न. त्यात चूक काही नव्हते. आजींची अडचण निराळी. घरात गृहचैत्यालय, सोवळ्याचा चौका, चातुर्मासात मुनिमहाराजांच्या आहाराचा योग आला तर पडगाहनाच्या वेळी हे पिल्लू दारात नाचणार. जीवदया मानणे आणि जीव चौक्यात घेणे यांत आजींच्या लेखी अंतर होते, आणि ते त्यांनी कोणाला दुखावून घेऊ दिले नाही. राजाची हद्द मागच्या पडवीपर्यंत ठरली. त्याने ती आठवड्यात शिकून घेतली. घरातली नातवंडे आपली हद्द अजून शिकत आहेत.

अन्नाचा प्रश्न मात्र वाटला होता तेवढा अवघड निघाला नाही. मांजराला मांसाशिवाय भागत नाही, कुत्र्याचे तसे नाही. नीट समतोल राखलेल्या शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. नुसती दूध-भाकरी मात्र पुरत नाही, आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. डॉक्टरांनी तयार शाकाहारी खाद्य आणि प्रमाण लिहून दिले. कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखे असतात, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात, हे ऐकून आजी प्रसन्न झाल्या; या घरातल्या उरल्यासुरल्या अन्नात ते सापडणे शक्यच नव्हते. पण त्याच यादीत पुढे द्राक्षे आणि बेदाणे होते. ते कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. तीन पिढ्या बेदाण्याच्या खोक्यांवर पहारा करणारे कुत्रे ठेवणाऱ्या घराला हे पहिल्यांदाच समजत होते. राजाला दोन वेळ जेवण, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असेही डॉक्टरांनी सांगितले. संध्याकाळचे सूर्यास्तापूर्वी देण्याचे आजींनी आपल्याकडे घेतले.

राजा वर्षाचा झाला तेव्हा मधला मार्ग म्हणून अण्णांनी ठरवले की, दिवसा घरी, रात्री गोदामात. गोदामाच्या आवारात नवे खुराडे बांधले गेले. जमिनीपासून वीतभर उंच फळी, पुढे मोकळी जाळीची जागा, साखळी नाही. पहिल्या रात्री राजा पहाटेपर्यंत रडला. दुसऱ्या रात्री त्याने जाळीखालची माती उकरली. तिसऱ्या रात्री शेजारच्या गोदामवाल्याचा फोन आला. घरच्या माणसांत दिवस काढून रात्री परक्या आवारात एकटे बंद होणे, हे जन्मभर बाहेर राहण्यापेक्षाही वाईट असते, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी मग एक साधी गोष्ट विचारली: गोदामात रात्री कोण असते?

रात्री मामा असत. रखवालदार मामा, जत तालुक्यातले, वय साठीच्या आसपास. गोदामाला लागून त्यांची खोली. राजा आणि मामा यांची ओळख होती ती येताजाताची. राजाला मामांच्या हाती द्यावे, त्यांनीच खाऊ घालावे, त्यांनीच फिरवावे, आणि तो त्यांच्या खोलीत झोपावा, दार उघडे ठेवून. म्हणजे त्याचे कान बाहेर राहतील आणि तो आत राहील, असा डॉक्टरांचा सल्ला पडला. सूनबाईंना तो ऐकून वाईट वाटले. राजा घरचा राहणार नव्हता. पण त्यांनीच पुढाकार घेऊन पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्याला मामांकडे नेले, आणि हळूहळू तेथे थांबण्याचा वेळ कमी करत आणला.

डॉक्टरांनी आणखी काही पथ्ये सांगितली. हळदीच्या गोदामात कीड लागू नये म्हणून अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवतात, त्यांतून जो वायू निघतो तो माणसालाही मारतो, कुत्र्यालाही. (त्या गोळ्यांचा प्रश्न अहिंसेच्या दृष्टीने स्वतंत्रच आहे, त्यात येथे शिरत नाही.) ताडपत्री टाकून थप्पी बंद असेल तेवढे दिवस कुत्रा आणि मामा दोघांनीही तेथून हलले पाहिजे. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा पसरतो, त्याची लस कुत्र्याला द्यावी. पिसाळण्याची तर दर वर्षी द्यावीच. गोचिडांकडे लक्ष ठेवावे. आणि उन्हाळा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. बाकी सारी उष्णता तो जीभ काढून, धापा टाकून बाहेर घालवतो. हवाच तापलेली असेल तर हा उपाय चालत नाही. त्याच्या अंगाचे तापमान एरवी १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते; ते १०६ वर गेले की जिवावर बेतते. म्हणून तो जेथे राहणार ती जागा भर उन्हात पाहून घ्या, सकाळी नव्हे, असे डॉक्टरांनी बजावले.

अण्णा काम अर्धे ठेवणाऱ्यांतले नव्हेत. एप्रिलात एका दुपारी दोन वाजता, बेदाण्याच्या शीतगृहात वापरतात तसला तापमापक घेऊन ते गोदामावर गेले. रिकाम्या खुराड्यात पारा त्रेचाळीसवर होता. मग ते मामांच्या खोलीत शिरले. खोलीवर पत्रा, पत्र्याखाली काही नाही. मागच्या भिंतीतला झरोका पूर्वी कधी तरी चोरीच्या भीतीने विटांनी बुजवलेला. दिव्याचा एक गोळा, पंखा नाही. मामा फरशीवर गोणपाट ओले करून त्यावर पडले होते. मालकांना पाहून धडपडत उठले. अण्णांनी तापमापक फळीवर ठेवला आणि दहा मिनिटे थांबले. पारा बेचाळीस.

“मामा, येथे दुपारी झोप लागते?”

“दुपारी मी लिंबाखाली बसतो, मालक. आज वारा पडलाय म्हणून आत आलो.”

“आणि रात्री?”

“रात्री जागायचंच असतं की.”

अण्णा आले होते कुत्र्यासाठी. त्यांनी खोली पुन्हा एकदा पाहिली, बुजवलेल्या झरोक्यावर बोट टेकवले, आणि किती वर्षे झाली ते विचारले. मामांना निश्चित सांगता आले नाही. या खोलीत पुरानंतर आलो म्हणाले, आधीची खोली अशीच होती. अण्णांनी तेथूनच गवंड्याला फोन केला. झरोका उघडून त्याला जाड जाळी बसली. पत्र्याला बाहेरून पांढरा चुना आणि आतून बांबूच्या चटईचे आढे झाले. छताचा पंखा लागला. पिण्याच्या पाण्याचे दोन माठ आले, एक उंच आणि एक जमिनीवर.

महिनाअखेरीस दिवाणजींनी विचारले की हा खर्च कोठे टाकायचा. राजाच्या लसी आणि खाद्य सुरू झाल्यापासून खतावणीत ‘श्वान खर्च’ असे खाते उघडलेले होते, आणि काम राजाच्या निमित्ताने निघाले असल्यामुळे दिवाणजींनी पेन्सिलने तेथेच आकडा मांडून ठेवला होता. अण्णांनी तो पाहिला आणि स्वतः खोडरबर घेतले. ‘गोदाम दुरुस्ती’त टाका म्हणाले. दिवाणजींना वाटले, कराच्या सोयीसाठी.

राजा आता दोन वर्षांचा आहे. रात्री तो क्वचित भुंकतो; भुंकला की मामा उठतात, विजेरी घेऊन बाहेर जातात, आणि बहुधा मुंगूस किंवा चुकलेला ट्रकवाला निघतो. रविवारी सूनबाई त्याला घरी आणतात. तो पडवीत दुपारभर झोपतो आणि पाच वाजले की दाराकडे पाहू लागतो. मे महिन्यात मामांची पत्नी आणि नातू गावाहून येऊन पंधरा दिवस त्या खोलीत राहून गेले. यापूर्वी ती कधी आली नव्हती. का आली नव्हती ते आता विचारण्याचे कारण उरले नाही.

एक अडचण राहिली आहे. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की त्या आवाजात राजाला काही ऐकू येत नाही आणि मामांनाही नाही. बांबूच्या चटईने आवाज थोडा कमी होतो, पुरेसा नाही. मंगलोरी कौले घालावीत असे सूनबाईंनी सुचवले आहे. अण्णांनी दर मागवले आहेत.